मतासाठी फोडलेल्या काचा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इंग्लंडमध्ये मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या सफ्रजेट बायकांवर गेल्या अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये मँचेस्टरला स्थापन केलेली ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’, ‘शब्द नकोत, कृती हवी’ हे तिचे ब्रीद आणि १९१४ पर्यंत तिने सरकारशी घेतलेली टक्कर, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर पुण्यातून बरीच पत्रे आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. पुढे ‘युनियन’ म्हटले आहे ते याच संघटनेला.

अर्ज, सभा, मोर्चे समजू शकतो. पण दुकानांच्या काचा फोडून मताचा हक्क कसा मिळणार? ही निव्वळ दंगल नव्हे काय?
*— निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ*

अर्ज करून झाले होते, सर. जॉन स्टुअर्ट मिल यांनी सुमारे १५०० बायकांच्या सह्यांचा अर्ज पार्लमेंटात सादर केला तो १८६६ मध्ये. पुढची चाळीस वर्षे अर्ज, विधेयके आणि आश्वासने यांतच गेली. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लिबरल पक्षाचे नेते सर एडवर्ड ग्रे यांची सभा चालू असताना एमेलिन यांची मुलगी क्रिस्टाबेल पँकहर्स्ट आणि गिरणी कामगार ॲनी केनी यांनी उभे राहून विचारले, की तुमच्या पक्षाचे सरकार बायकांना मत देणार का? उत्तर मिळाले नाही, दोघींना बाहेर काढण्यात आले. दंड न भरता त्यांनी तुरुंग पत्करला, क्रिस्टाबेलने सात दिवस आणि ॲनीने तीन. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे या बातमीने भरून गेली. सभ्य अर्जांना चाळीस वर्षांत एवढी जागा मिळाली नव्हती. हे गणित युनियनच्या पक्के लक्षात राहिले.

काचांचे प्रकरण टप्प्याटप्प्याने वाढले. पहिले दगड ३० जून १९०८ ला मेरी ली आणि एडिथ न्यू यांनी १० डाउनिंग स्ट्रीटवर मारले. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, युनियनचा हुकूम नव्हता. १९०९ मध्ये सरकारी कचेऱ्यांवर दगड पडले तेव्हा ते कागदात गुंडाळलेले आणि दोरीने बांधलेले होते. काच फुटावी पण आतल्या कारकुनाला लागू नये, म्हणून ही काळजी.

खरे वळण लागले १८ नोव्हेंबर १९१० ला. त्या दिवशी सुमारे ३०० बायका लहान लहान गट करून पार्लमेंटकडे निघाल्या. पोलिसांनी त्यांना पकडायचे टाळले आणि जवळजवळ सहा तास ढकलले, पाडले, मुरगाळले, अंगाला नको तिथे हात लावले. बायकांच्या मताला पाठिंबा देणाऱ्या खासदारांच्या समितीने नंतर १३५ जबान्या गोळा केल्या. त्यांतल्या २९ जबान्यांत लैंगिक स्वरूपाच्या छळाचा उल्लेख होता. गृहमंत्री चर्चिल यांनी चौकशी नाकारली. अटक झालेल्या बहुतेकींवरचे खटलेही काढून घेतले, म्हणजे कोर्टात बोलायची संधीही गेली.

यातून बायकांनी व्यवहारी निष्कर्ष काढला. नुसते चालत गेले तर सहा तास मार बसतो, काच फोडली तर पोलीस दोन मिनिटांत धरून नेतात. अंगावर झेलण्यापेक्षा काच फुटलेली बरी. कायद्याची बाजूही त्यांना नीट माहीत होती. नुकसान पाच पौंडांच्या वर गेले की खटला खालच्या मॅजिस्ट्रेटपुढे न संपता ज्युरीपुढे जाई. शिक्षा मोठी होई, पण भाषणही मोठे करता येई.

त्यात फेब्रुवारी १९१२ मध्ये हॉबहाउस नावाचे मंत्री ब्रिस्टलच्या सभेत म्हणाले, की १८३२ मध्ये पुरुषांनी मतासाठी नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला होता, तशी लोकभावनेची लाट बायकांच्या बाजूने कुठे दिसत नाही. मंत्र्यानेच असे मोजमाप जाहीर केल्यावर पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. युनियनने ४ मार्चला निदर्शने करणार असे जाहीर केले. पोलीस ४ तारखेची तयारी करत राहिले आणि बायका १ तारखेलाच बाहेर पडल्या. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास हेमार्केट, पिकॅडिली, रीजंट स्ट्रीट, स्ट्रँड, ऑक्सफर्ड स्ट्रीट इथे चांगल्या पोशाखातल्या बायकांनी हात ऊबदार ठेवायच्या लोकरी मफमधून छोट्या हातोड्या काढल्या. एका भागात पोलीस धावले की थोड्या वेळाने दुसऱ्या भागात काचा फुटू लागत. स्वतः एमेलिन पँकहर्स्ट टॅक्सीने डाउनिंग स्ट्रीटला जाऊन दगड मारून आल्या होत्या. शंभरावर बायका पकडल्या गेल्या. ४ मार्चला पुन्हा काचा फुटल्या, यावेळी नाइट्सब्रिज आणि केन्सिंग्टनमध्ये.

दुकानदारांचा यात काय दोष, हा तुमच्या पत्रातला उपप्रश्न रास्त आहे. युनियनचे उत्तर असे होते, की सरकार बायकांच्या जिवाला किंमत देत नाही पण मालमत्तेला देते. दुकानदार आणि विमा कंपन्या ओरडू लागल्या की सरकारला ऐकावे लागेल. आमच्या मते काचांपर्यंत हा युक्तिवाद टिकतो, पुढे टिकत नाही. १९१३ च्या सुरुवातीला डंडीत पत्रपेट्यांत टाकलेल्या रसायनांनी टपाल कर्मचारी भाजले. त्यांच्यापैकी कोणी कुणाचे मत अडवले नव्हते.

स्वतःला साखळीने बांधून घेण्यात काय हशील होते?
*— गृहिणी, बिबवेवाडी*

वेळ मिळवणे. रस्त्यावर भाषण सुरू केले की पोलीस लगेच उचलत. साखळी तोडायला हत्यारे आणेपर्यंत मात्र बोलता येई. १७ जानेवारी १९०८ ला डाउनिंग स्ट्रीटच्या गजांना दोघींनी स्वतःला अडकवले तेव्हा हाच हिशेब होता. सगळ्यांत चतुराईचा प्रयोग झाला २८ ऑक्टोबर १९०८ ला. पार्लमेंटात बायकांच्या सज्जाला पुढून जड धातूची जाळी होती, बाया सभागृहाला दिसू नयेत म्हणून. म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स यांनी कमरेची साखळी त्या जाळीलाच कुलूपबंद केली. कुलूप निघेना, तेव्हा जाळीचे तुकडे बायकांसकट उखडून न्यावे लागले. या दोघी युनियनच्या नव्हत्या, तिच्यातून फुटून निघालेल्या ‘विमेन्स फ्रीडम लीग’च्या होत्या. ती जाळी १९१७ मध्ये कायमची काढली.

आमचा गट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवतो आहे. नायिका लंडनच्या तुरुंगात उपोषण करते आणि तिला बळजबरीने अन्न दिले जाते, असा मुख्य प्रवेश आहे. कपडे, सामान, माणसे, क्रम सगळे खरे हवे आहे. रंगही सांगा.
*— नाट्यगट, एरंडवणे*

आधी संहितेबद्दल. तुम्ही पाठवलेल्या पानांत नायिका कोठडीत ‘मत द्या’ म्हणून अन्न सोडते. तिथे बदल करा. तुरुंगाच्या आत मागणी वेगळी होती, राजकीय कैद्याच्या दर्जाची. इंग्लंडच्या तुरुंगात तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाला स्वतःचे कपडे, पुस्तके, पत्रे अशा सवलती. सफ्रजेट बायकांना मात्र चोर-भामट्यांबरोबर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गात टाकत. नेमक्या याच काळात, १९०८ ते १९१४, लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा राजद्रोह आणि साधा गुन्हा यांतला फरक पुणेकर प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही.

पहिले उपोषण मेरियन वॉलेस डनलॉप या चित्रकार बाईंचे. राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात टाकणे बेकायदा आहे, असे १६८९ च्या हक्कनाम्यात म्हटले आहे. ते वाक्य त्यांनी जून १९०९ मध्ये पार्लमेंटच्या सेंट स्टीफन्स हॉलच्या भिंतीवर जांभळ्या शाईने छापले. एक महिन्याची शिक्षा झाली. लंडनच्या हॉलोवे तुरुंगात पहिला वर्ग नाकारला, म्हणून ५ जुलैला त्यांनी अन्न सोडले आणि ९१ तासांनी सरकारने त्यांना सोडले. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या आपण त्यांनी हे केले. मग इतर बायकांनीही तोच मार्ग धरला. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगात सरकारने नळीने अन्न घालायला सुरुवात केली.

आता प्रवेश. माणसे : दोन डॉक्टर, चार ते सहा वॉर्डर बायका. नर्स किंवा शिपाई नकोत. सामान : एक खाट, एक खुर्ची, चादर किंवा टॉवेल, नरसाळे लावलेली लांब रबरी नळी, दूध आणि फेटलेली अंडी यांचे पातेले किंवा जग. मेरी ली यांनी सांगितलेली नळी दोन यार्ड, म्हणजे सहा फूट लांब होती. मध्ये काचेचा जोड होता, द्रव उतरतो आहे की नाही हे दिसावे म्हणून. क्रम असा : वॉर्डर बायका कैदी बाईला खाटेवर दाबून धरतात. एक डॉक्टर खुर्चीवर चढून नरसाळे हात लांब करून उंच धरतो. दुसरा नळीचे टोक नाकपुडीत सारतो, एक दिवस उजव्या, दुसऱ्या दिवशी डाव्या. सलाइनची बाटली उंच टांगतात त्याच कारणाने नरसाळे उंच लागते, खाली आले की प्रवाह थांबतो. त्यामुळे खुर्चीवरचा डॉक्टर हवाच, आणि रंगमंचावर सगळ्यांत ठळक दिसणारी आकृतीही तीच.

तोंडातून द्यायचे असेल तर आधी जबडा उघडायचा. त्यासाठी लाकडी किंवा पोलादी गॅग असे. पोलादी गॅग स्क्रूने फिरवून दात एकमेकांपासून लांब करत. त्यात दात आणि हिरड्या जायबंदी होत. नळी ओढून काढताना बहुतेकींना उलटी होई. ती अंगावर, केसांत, भिंतीवर पडे आणि बाई तशीच ओल्या कपड्यांत राही. हा भाग गाळू नका. हे सारे दिवसातून दोनदाही होई आणि आठवडेच्या आठवडे चाले.

काय बिघडत असे? नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाई. फेब्रुवारी १९१३ मध्ये लिलियन लेंटन यांच्या फुफ्फुसात असेच अन्न गेले. प्राण कंठाशी आले तेव्हा तुरुंगाने घाईघाईने त्यांना बाहेर सोडले. आपल्याकडे १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांच्या बाबतीत जे झाले त्याची यावरून कल्पना येईल.

रंगमंचावर नटीच्या नाकातोंडात काहीही घालू नका, तालमीत तर मुळीच नको. वॉर्डर बायकांच्या पाठी प्रेक्षकांकडे ठेवा. नरसाळे, खुर्चीवरचा डॉक्टर आणि खाटेबाहेर आलेले पाय एवढे दिसले तरी पुरे. किंकाळीपेक्षा गुदमरल्याचा आवाज खरा आहे, कारण घशात नळी असताना ओरडता येत नाही.

कपडे : दुसऱ्या वर्गाचा झगा हिरव्या जाड कापडाचा, तिसऱ्याचा तपकिरी. वर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एप्रन, डोक्याला हनुवटीखाली बांधायची पांढरी टोपी, आणि कपड्यांवर जागोजाग सरकारी मालकीचा रुंद बाण छापलेला. छातीवर कोठडीच्या क्रमांकाचा बिल्ला.

रंग : युनियनचे रंग जांभळा, पांढरा, हिरवा. जांभळा स्वाभिमानाचा, पांढरा निर्मळपणाचा, हिरवा आशेचा. हे १९०८ मध्ये एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी ठरवले. तुमचा प्रवेश १९०५ चा असेल तर तिरंगी पट्टा चुकीचा ठरेल. लाल-पांढरा-हिरवा हे मिलिसंट फॉसेट यांच्या सनदशीर संघटनेचे रंग, हिरवा-पांढरा-सोनेरी फ्रीडम लीगचे. नायिकेच्या अंगावर यांची सरमिसळ करू नका.

एक सुचवणी आहे. तुम्हाला दुसरे पात्र हवे असेल तर लेडी कॉन्स्टन्स लिटन यांचा विचार करा. १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय असलेल्या लॉर्ड लिटन यांची ही मुलगी. व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टवाले आणि दुष्काळात दिल्ली दरबार भरवणारे लिटन ते हेच. त्याच दरबारात सार्वजनिक काका अंगावर खादी घालून गेले होते. कॉन्स्टन्स न्यूकॅसलला पकडल्या गेल्या, उपोषणाला बसल्या, तेव्हा डॉक्टरांनी हृदय तपासले आणि लगेच सोडून दिले. लॉर्डच्या घरची म्हणून ही दया, अशी त्यांची खात्री झाली. जानेवारी १९१० मध्ये त्यांनी केस कापले, स्वस्त कपडे आणि चष्मा घातला, ‘जेन वॉर्टन, शिवणकाम करणारी’ असे नाव सांगून लिव्हरपूलला अटक करवून घेतली. तिथे कोणी हृदय तपासले नाही. आठ वेळा नळी घातली, एकदा तर डॉक्टरने वर गालावर थप्पडही मारली. १९१२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. त्यानंतर त्यांनी आपली हकिगत डाव्या हाताने लिहून काढली. एकच बाई, एकच तुरुंगव्यवस्था, दोन नावे आणि दोन वागणुकी. नाटकाला याहून चांगली सामग्री आम्हाला ठाऊक नाही.

‘मांजर-उंदीर कायदा’ प्रत्यक्षात कसा चाले?
*— विधी शाखेची विद्यार्थिनी, नवी पेठ*

बळजबरीच्या अन्नाने सरकारची बदनामी होऊ लागली आणि तुरुंगात एखादी दगावली तर काय, ही धास्तीही होती. म्हणून एप्रिल १९१३ मध्ये हा कायदा आला. उपोषणाने कैदी बाई खचली की तिला परवान्यावर सोडायचे, बहुधा आठ-दहा दिवसांसाठी. परवान्यावर परतीची तारीख असे. अटी अशा : त्या तारखेला स्वतः परत यायचे, कोणताही कायदा मोडायचा नाही, पत्ता बदलायचा तर एक पूर्ण दिवस आधी लेखी कळवायचे, बारा तासांहून जास्त घराबाहेर राहायचे तरी तसेच कळवायचे. बाहेरचे दिवस शिक्षेत धरले जात नसत, हा खरा काटा. एक महिन्याची शिक्षा अशी वर्षभर लांबू शके.

कायदा फसला तो अंमलबजावणीत. परत कोण जाणार? बायका घरातून निसटत. लीड्सच्या एका घराला पोलिसांचा गराडा असताना लिलियन लेंटन सामान पोचवणाऱ्या पोऱ्याच्या वेषात बाहेर पडल्या. लंडनमध्ये कॅम्पडेन हिल स्क्वेअरच्या एका घरात सुटलेल्या ‘उंदरां’ची शुश्रूषा होई. एमेलिन पँकहर्स्ट यांना अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या बांधकाम चालू असलेल्या घरातल्या बाँबस्फोटाची जबाबदारी घेतल्याबद्दल तीन वर्षांची सक्तमजुरी झाली होती, पण या ये-जा मुळे त्यातले काही आठवडेच त्या आत राहिल्या.

त्यांना पुन्हा पकडू नये म्हणून बायकांचे एक रक्षक दल उभे राहिले. एडिथ गॅरड यांनी त्यांना जुजुत्सू शिकवले, आणि झग्यात लपवायचे हत्यार होते आपल्या तालमीतल्या मुद्गलांचा इंग्रजी अवतार, ज्याला तिकडे ‘इंडियन क्लब’ म्हणत. ९ मार्च १९१४ ला ग्लासगोच्या सभेत व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या आड काटेरी तार दडवली होती. पोलीस चढायला गेले आणि तारेत अडकले. तरीही पँकहर्स्टबाईंना त्या रात्री धरून नेलेच.

एमिली डेव्हिसन यांनी घोड्यापुढे उडी घेतली ती आत्महत्या होती ना?
*— वाचक, चिंचवड*

तसे ठामपणे म्हणता येत नाही. ४ जून १९१३ ला एप्सम डर्बीत टॅटनहॅम कॉर्नरच्या वळणावर त्या कठड्याखालून धावपट्टीवर आल्या आणि राजाच्या ‘अ‍ॅनमर’ घोड्याची धडक बसली. ८ जूनला त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ परतीचे रेल्वे तिकीट आणि युनियनचे झेंडे सापडले. चित्रफितीत त्या घोड्याच्या लगामाकडे हात करताना दिसतात, त्यावरून झेंडा अडकवण्याचा बेत असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. दुसरीकडे, वर्षभरापूर्वी हॉलोवेत इतरांचा छळ थांबावा म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरून उडी घेतली होती, हेही खरे. जीव धोक्यात घालायची तयारी होती. मरायचेच ठरवले होते, याला पुरावा नाही.

या लढ्यात कोणी हिंदुस्थानी बाई होती का?
*— शिक्षिका, हडपसर*

होती, आणि पहिल्या रांगेत. महाराजा रणजितसिंहांची नात, दुलीपसिंहांची मुलगी, राजकन्या सोफिया. १८ नोव्हेंबर १९१० च्या ज्या मोर्चाचे वर्णन वर आले, त्याच्या अग्रभागी पँकहर्स्टबाईंबरोबर त्या चालत होत्या. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या दाराशी उभ्या राहून त्या युनियनचे साप्ताहिक विकत.

त्यांचे खास हत्यार करबंदी. ‘मत नाही तर कर नाही’ म्हणणाऱ्या ‘विमेन्स टॅक्स रेझिस्टन्स लीग’च्या त्या सदस्य होत्या. रीत अशी : कुत्री, गाडी, नोकर यांचे वार्षिक परवाने काढायचे नाहीत. समन्स आले की कोर्टात जाऊन सांगायचे, की प्रतिनिधित्व नसताना मी कर देणार नाही. दंड झाला तर तोही भरायचा नाही. मग बेलीफ येऊन जप्ती करतो. जप्त वस्तूचा जाहीर लिलाव होतो, तिथे मैत्रिणींनी गर्दी करून भाषण द्यायचे, आपल्यातल्याच कोणीतरी बोली लावून वस्तू सोडवायची आणि मालकिणीला परत द्यायची. १९११ मध्ये सोफियांची सात हिऱ्यांची अंगठी अशीच जप्त झाली, विकली गेली आणि घरी परतली. सरकारला मूठभर शिलिंग मिळाले, चळवळीला प्रत्येक वेळी एक सभा आणि एक बातमी. यात कोणाला ओरखडाही उठला नाही, म्हणून सगळ्या मार्गांत हा आम्हाला सरस वाटतो.

१७ जून १९११ ला बायकांनी मताच्या मागणीसाठी काढलेल्या ‘राज्यारोहण मिरवणुकी’तल्या साड्या नेसलेल्या हिंदी स्त्रियांचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. त्याकडे जरा सावधपणे पाहा. साम्राज्य किती विशाल आहे हे दाखवणाऱ्या तुकडीत त्यांना जागा दिली होती. हिंदुस्थानातल्या बायकांना मत हवे, ही त्या मिरवणुकीची मागणी नव्हती.

शेवटी मत मिळाले ते जहालांमुळे की मवाळांमुळे?
*— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, शनिवार पेठ*

परीक्षेत एका बाजूचे उत्तर लिहू नका. फॉसेट यांच्या सनदशीर संघटनेच्या १९१४ पर्यंत पाचशेच्या आसपास शाखा झाल्या होत्या आणि खासदारांशी रोजची बोलणी तीच करत होती. जहालांनी प्रश्न पहिल्या पानावर आणला, पण काही वेळा दारही लावून घेतले. काही बायकांना मत देणारे तडजोडीचे विधेयक १९११ मध्ये २५५ विरुद्ध ८८ अशा मोठ्या फरकाने पुढे सरकले होते. काचफोडीनंतर चारच आठवड्यांनी, २८ मार्च १९१२ ला, तसेच विधेयक २०८ विरुद्ध २२२ असे पडले. काचांचा राग हे एक कारण. आयरिश खासदारांनी आपल्या स्वराज्याच्या विधेयकाला अडचण नको म्हणून पाठ फिरवली, हे दुसरे, आणि आमच्या मते तितकेच मोठे. जानेवारी १९१३ मध्ये सभापतींनी मताधिकाराच्या सरकारी विधेयकात बायकांना मत देणारी दुरुस्ती नियमबाह्य ठरवली, त्यानंतर जाळपोळ भडकली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर युनियनने लढा थांबवला, सरकारने कैदी सोडले. फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने सुमारे ८४ लाख बायकांना मत मिळाले, पण किमान वय ३० आणि स्वतःची किंवा नवऱ्याची ठरावीक मालमत्ता, नाहीतर विद्यापीठाची पदवी, ही अट होती. पुरुषांना २१. युद्धात इतके पुरुष मेले होते, की समान वय ठेवले असते तर मतदारांत बायकांचे बहुमत झाले असते. ते टाळण्यासाठी ३०. युद्धकारखान्यांत राबलेल्या तरुण मुलीच त्यामुळे वगळल्या गेल्या. समान हक्क जुलै १९२८ मध्ये आला. एमेलिन पँकहर्स्ट त्याआधी काही आठवडे, १४ जूनला वारल्या.

याचा पुण्याशी काही धागा आहे का?
*— वाचक, कर्वेनगर*

आहे, आणि थेट आहे. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. ती भरवण्यामागचा मुख्य हात मार्गारेट कझिन्स यांचा. या आयरिश बाईंनी १९१० मध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या काचा फोडून हॉलोवेत एक महिना काढला होता, १९१३ मध्ये डब्लिन कॅसलच्या काचांसाठी पुन्हा तुरुंग आणि उपोषण. १९१५ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलेल्या शिष्टमंडळामागेही त्या होत्या. इथे त्यांनी हातोडी उचलली नाही, कारण गरज पडली नाही. १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतांवर सोडला आणि मद्रास, मुंबई या प्रांतांनी १९२१ मध्येच बायकांना, अर्थात मालमत्तेच्या अटीवर, मत दिले.

मुंबई इलाख्यातल्या त्या प्रयत्नात रमाबाई रानडे पुढे होत्या. त्याच सुमाराला पुण्यात सक्तीचे शिक्षण मुलांपुरतेच ठेवायचे घाटत होते, तेव्हा मुलींसाठी त्यांनी बायकांचा मोर्चा काढला. मुंबईच्या हिराबाई टाटा यांना काश्मीरमध्ये राजकन्या सोफिया भेटल्या त्या १९११ मध्ये. सोफियांच्या अंगावरचा ‘व्होट्स फॉर विमेन’ बिल्ला पाहून हिराबाईंनी चौकशी केली. १९१९ मध्ये हिराबाई आणि मुलगी मिठन लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बोलल्या.

आमचे महिला मंडळ ८ मार्चला सोसायटीत या विषयावर चित्रप्रदर्शन लावणार आहे. चित्रांखालच्या ओळींत कोणत्या चुका टाळाव्यात?
*— महिला मंडळ, सहकारनगर*

पोलीस अधिकारी एका लहानखुऱ्या बाईला कमरेला विळखा घालून उचलून नेतो आहे, ते चित्र सगळीकडे १९१० च्या मोर्चाचे म्हणून फिरते. ते एमेलिन पँकहर्स्ट यांचे आहे, तारीख २१ मे १९१४, जागा बकिंगहॅम राजवाड्याबाहेर. १९१० चे चित्र म्हणजे जमिनीवर पडलेली, चेहरा हातांनी झाकलेली बाई, जे दुसऱ्या दिवशी ‘डेली मिरर’च्या पहिल्या पानावर आले.

रडणारे मूल कडेवर घेतलेला नवरा, किंवा दात पुढे आलेली रागीट बाई, अशी रंगीत पोस्टकार्डे चळवळीची नाहीत. ती बहुतेक विरोधकांनी किंवा थट्टेखोर छापखान्यांनी काढलेली. लावायची तर तसे स्पष्ट लिहून लावा.

आई एमेलिन, मुली क्रिस्टाबेल, सिल्व्हिया आणि अ‍ॅडेला, यांची नावे चित्रांखाली उलटीपालटी होतात. सिल्व्हियाच्या चित्राखाली १९१४ नंतरची युनियन लिहू नका. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कष्टकरी बायकांबरोबर स्वतंत्र काम चालवल्यामुळे त्या वर्षाच्या सुरुवातीला तिला युनियनबाहेर जावे लागले होते.

आणि भारताची पाटी करताना १९५० सालापाशी थांबू नका. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली, कारण ती ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंदवली होती आणि स्वतःचे नाव द्यायला त्यांनी किंवा घरच्यांनी नकार दिला होता. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, विंध्य प्रदेश, राजस्थान या भागातल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नियम वाकवला नाही, पुढच्या निवडणुकीपर्यंत नावे नोंदवून घेतली. प्रदर्शनाच्या टेबलावर मतदारयादीची तुमच्या भागाची प्रत ठेवा. ज्यांचे नाव पहिल्यांदाच घालायचे त्यांच्यासाठी नमुना ६, लग्नानंतर नाव किंवा पत्ता बदलला असेल त्यांच्यासाठी नमुना ८.